वापरलेलं .३२ पिस्तूल घेतलं, ट्रिगर मागेच राहतो

पंपवाला_पारोळा

नमस्कार मंडळी. पारोळा ते एरंडोल पट्ट्यात हायवेला लागून आमचा पेट्रोल पंप आहे. रात्रीची रोकड आणि हायवे, त्यामुळे लायसन्ससाठी अर्ज केला होता. पोलीस पडताळणी वगैरे होऊन जिल्हाधिकाऱ्यांकडून मंजुरी आली. नवीन पिस्तुलाची किंमत ऐकून जुनं बघायचं ठरवलं.

धरणगावकडे आमच्या ओळखीतले एक काका आहेत, पूर्वी त्यांची कापसाची जिनिंग होती. वय झालं, मुलं पुण्याला, त्यांना हत्यारात रस नाही. त्यांच्याकडचं सरकारी कारखान्यात बनलेलं .३२ पिस्तूल घेतलं. कागदपत्रं रीतसर झाली आहेत, माझ्या लायसन्सवर नंबर चढला आहे, त्याची शंका नको.

अडचण अशी की ट्रिगर दाबला की पुढे परत येताना रेंगाळतो. कधी पूर्ण येतो, कधी अर्ध्यात थांबतो. बोटाने पुढे ढकलला की टक् आवाज होतो आणि मग सगळं ठीक. रेंजवर नेलं तेव्हा मधेच एकदा तो मागेच राहिला, पुढची गोळी उडालीच नाही. प्रशिक्षकांनी लगेच मॅगझिन काढायला लावून हत्यार रिकामं करवून घेतलं आणि त्या दिवशीचा सराव थांबवला.

काकांना फोन केला तर ते म्हणाले, "माझ्याकडे होतं तेव्हा असं कधी झालं नाही." ते खोटं बोलणारे नाहीत. मग झालं काय? स्प्रिंग गेली असेल का? आणि दुरुस्ती कुठे करायची?

शिरपूरना_भो

राम राम भो. मना मामाना पिस्तूललेबी असंच व्हयेल व्हतं. त्यांनी ट्रिगरची स्प्रिंग काढून थोडी ताणून परत बसवली, काम झालं. आपल्याकडे लेथवाले हुशार आहेत, सायकलच्या स्प्रिंगमधूनही करून देतील.

वकीलसाहेब_धुळे

लेथवाल्याकडे अजिबात नेऊ नका. हे पहिलं सांगतो, कारण माणसं इथेच अडकतात. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ वाचा. हत्यार बनवणं आणि विकणं जसं परवान्याशिवाय चालत नाही, तसंच दुरुस्त करणंही चालत नाही, तो शब्द कलमात स्पष्ट आहे. तुमचं लायसन्स बाळगण्याचं आहे, लेथवाल्याकडे तर तेही नाही. कलम ५ मोडलं की कलम २५(१) लागतं. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. "साधी स्प्रिंग तर बदलली" हे कोर्टात सांगून उपयोग नाही. शिवाय लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाती पिस्तूल सोपवून तुम्ही घरी आलात, तर तुमचं लायसन्सही धोक्यात येतं.

पुसणं, तेल देणं, पुस्तिकेत सांगितलंय तेवढं उघडून साफ करणं ही निगा झाली, ती मालकाने करावीच. त्यापुढचं काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानात. नेताना हत्यार रिकामं, पेटीत बंद, काडतुसं वेगळी, मूळ लायसन्स सोबत. आणि दुकानात सोडलं तर पावती घ्या, त्यावर हत्याराचा नंबर असलाच पाहिजे.

केळीबाग_रावेर

मला आधीचा भाग समजून घ्यायचाय. माणसाकडून माणसाने घेताना नेमकं काय करावं लागतं? मलाही एक जुनं बघायचंय.

वकीलसाहेब_धुळे

थोडक्यात सांगतो. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याच्या प्रभारींना लेखी कळवायचं की अमुक हत्यार अमुक लायसन्सधारकाला विकणार आहे, घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन. हे कळवल्यावर ४५ दिवस जाऊ द्यायचे. त्याआधी हत्यार हातात घ्यायचं नाही. पैसे दिलेत आणि दोघं एकाच गल्लीत राहता, तरीही नाही. मग दोन्ही लायसन्सवर नोंदी: त्याच्यावरून कमी, तुमच्यावर चढ. घेणाऱ्याचं लायसन्स त्या प्रकारच्या हत्यारासाठी असावं लागतं आणि खरेदीची जी मुदत त्यावर टाकली असेल ती संपलेली नसावी. मुदत संपत आली असेल तर आधी वाढवून घ्या, ते ४५ दिवस त्यातच मोजले जातात.

.३२ हे विनाप्रतिबंधित बोअर, म्हणजे सरकारने बंदी न घातलेलं नळीचं माप, आहे म्हणून सामान्य माणसाला मिळतं. ९ एमएम कुणी "लायसन्सवर चढवून देतो" म्हणत असेल तर त्याच्यापासून लांब राहा, ते प्रतिबंधित बोअर आहे.

आणखी एक. २०१९ च्या कायदादुरुस्तीपासून एका माणसाकडे दोनच हत्यारं राहू शकतात, पूर्वी तीन चालत. घरात वडिलोपार्जित बारा बोअर बंदूक आणि दुसरं काही आधीच तुमच्या नावावर असेल तर तिसऱ्याचा विचारच सोडा.

आर्मरर_आप्पा_भुसावळ

लष्करात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मरर होतो, उभी नोकरी हत्यारं उघडण्यात गेली. आता भुसावळला असतो. पंपवाले भाऊ, शिरपूरच्या भाऊंनी सांगितलेलं ताणायचं काम कृपा करून करू नका. ताणलेली स्प्रिंग काही दिवस बरी चालते आणि मग आधीपेक्षा जास्त मऊ पडते. शिवाय स्प्रिंग खराब आहे हे अजून ठरलेलंच नाही. आधी रोग ओळखू.

ट्रिगरची तक्रार दोन जातींची असते. पहिल्या जातीत हत्यार उडायला हवं तेव्हा उडत नाही. दुसऱ्या जातीत उडायला नको तेव्हा उडतं. पहिली तापदायक आहे, दुसरी जीव घेते. तुमची पहिली दिसते, पण खात्री करून घ्या. मॅगझिन आधी काढा, मगच स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी बघा, बोट घालूनही बघा. हा क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये जातं आणि माणूस समजतो हत्यार रिकामं आहे. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. नळी भरीव भिंतीकडे किंवा वाळूच्या पोत्याकडे.

आता ट्रिगर दाबा आणि दाबूनच धरा. तसाच धरून स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडा. आतला घोडा, म्हणजे हॅमर, पडल्याचा आवाज यायला नको. मग बोट हळूहळू सोडा, टक् व्हायला हवं. त्यानंतर पुन्हा दाबलं की घोडा पडायला हवा. पुढे स्लाइड पुन्हा ओढून सोडा, सेफ्टी लावून दाबून बघा, घोडा पडता कामा नये. सेफ्टी काढताना आपोआप पडला तर तेही वाईट.

यात स्लाइड सोडताना घोडा आपोआप पडत असेल किंवा सेफ्टी धरत नसेल, तर त्या हत्यारात काडतूस घालूच नका, थेट दुकानात द्या.

हे बघून सांगा. आणि एक प्रश्न विचारतो, तो नीट आठवून उत्तर द्या: ट्रिगर रेंगाळतो तो दिवसाच्या कोणत्या वेळी?

पंपवाला_पारोळा

आप्पा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. घोडा आपोआप पडत नाही, सेफ्टी धरते. बोट सोडताना टक् व्हायला वेळ लागतो, एकदा झालंच नाही.

वेळेचं मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. तुम्ही विचारल्यावर आज मुद्दाम सकाळी सहाला बघितलं आणि दुपारी जेवणानंतर बघितलं. सकाळी तर ट्रिगर जवळजवळ चिकटलाच. दुपारी इतका मोकळा की काही दोष आहे असं वाटूच नये! रेंजवरही आम्ही सकाळी लवकर गेलो होतो. आता जानेवारी आहे, पहाटे इकडे चांगलीच थंडी असते.

आर्मरर_आप्पा_भुसावळ

मग स्प्रिंग बरी असण्याचीच शक्यता जास्त. स्प्रिंग घड्याळ बघून दमत नाही. काकांना विचारा, तेल कोणतं लावायचे. मला वाटतं खोबरेल.

पंपवाला_पारोळा

आप्पा, काकांनी फोनवर तेच सांगितलं! "घरातलं शुद्ध खोबरेल, दर दिवाळीला शस्त्रपूजेच्या वेळी भरपूर सोडायचो."

आर्मरर_आप्पा_भुसावळ

खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा ते पाण्यासारखं पातळ असतं आणि सगळ्या फटींत उतरतं. जानेवारीच्या पहाटे त्याचंच मेण होतं. ट्रिगर आणि सिअर, म्हणजे घोडा अडवून धरणारी खिटी, यांच्यामध्ये जी पट्टी असते, ट्रिगर बार म्हणतात, तिची खाच अगदी अरुंद असते. प्रत्येक गोळीनंतर ती पट्टी सिअरपासून सुटते आणि तुम्ही बोट ढिलं केलं की पुढे सरकून पुन्हा सिअरला लागते. म्हणून तर एका दाबाला एकच गोळी सुटते. खाचेत मेण बसलं की पट्टी पूर्ण पुढे येत नाही आणि ट्रिगर मेलेला वाटतो. तिला पुढे आणणारी स्प्रिंग मुद्दाम हलकी असते, मेण फोडायची ताकद तिच्यात नसते.

काकांना दोष का दिसला नाही, तर त्यांनी ते बहुतेक घरात, दुपारी, पूजेपुरतं काढलं असेल. ते खरंच बोलतायत. दिवाळीत दुपारी आपल्याकडे ऊनच असतं.

आणि जिनिंगवाल्याचं हत्यार म्हणालात. जिनिंगच्या ऑफिसात रुईचे तंतू हवेत असतात, डोळ्याला दिसतही नाहीत. ते तेलावर बसले की आत फेल्टसारखा थर तयार होतो. वरून पुसून तो निघत नाही. तुम्ही आता वरून आणखी तेल सोडू नका, आत गाळ वाढेल.

सातपुडा_नंदुरबार

आप्पा, जवसाचं तेल चालेल का? आमच्याकडे भाल्या-बर्च्यांना जुनी माणसं तेच लावायची.

आर्मरर_आप्पा_भुसावळ

लाकडी दांड्याला उत्तम. लोखंडी यंत्रात नको. जवसाचं तेल हवा लागून वाळतं आणि वार्निशसारखं कडक होतं, मग उन्हाळ्यातही पातळ होत नाही. खोबरेल परवडलं. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला बरं, पण उडून लवकर जातं. बंदुकीचंच तेल घ्या, आणि चिंधीला लावून पुसल्यासारखं द्या. एनसीसी केलेल्यांना पुलथ्रू, म्हणजे नळीतून चिंधी ओढायची दोरी, आणि चार बाय दोनची चिंधी आठवत असेल, तीच पद्धत. नळी आधी कोरडी, मग तेलाची, मग पुन्हा कोरडी. नळीत तेल तुंबलेलं असताना फायर करू नका.

सुवर्णनगरी

हे झालं साफ करून. पण ट्रिगर जडही असेल तर सिअर घासून हलका करून मिळतो असं ऐकलंय. एकदा उघडलंच आहे तर तेही करून घ्यावं काय?

आर्मरर_आप्पा_भुसावळ

नाही. याबाबत मी कुणाचं ऐकणार नाही. सिअरचा तो पृष्ठभाग एका ठरलेल्या कोनात आणि कडक केलेला असतो. कडकपणा वरच्या पातळ थरातच असतो. घासणीने थर गेला की खालचं मऊ पोलाद झिजत जातं. आज ट्रिगर लोण्यासारखा वाटेल, काही शे गोळ्यांनंतर स्लाइड आदळताच घोडा सुटेल, एका दाबाला दोन-तीन गोळ्या जातील. समोर कोण असेल सांगता येतं का? खिशात किंवा कमरेला बाळगायच्या हत्याराचा ट्रिगर जड असलेलाच बरा. स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलालासुद्धा किमान एक किलो वजनाचा ट्रिगर लागतो, त्याखाली पंच हत्यार बाद करतात, आणि तिथे तर माणूस शांतपणे टार्गेटसमोर उभा असतो.

वकीलसाहेब_धुळे

आप्पांच्या म्हणण्याला कायद्याची जोड देतो. एका दाबाला सलग गोळ्या सुटणारं हत्यार कायद्याच्या नजरेत प्रतिबंधित शस्त्रांच्या वर्गात जातं. बिघाडाने झालं की मुद्दाम केलं, हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल.

नवखा_चोपडा

एवढी कटकट कशाला? आमच्याकडून ते गावठी पिस्तुलांचं उमर्टी गाव हाकेच्या अंतरावर आहे. हवं तसं मिळतं, ४५ दिवस नाहीत, काही नाही.

वकीलसाहेब_धुळे

नवखे भाऊ, हे इथे लिहिलंत ते पुसून टाकायला मी संपादकांना सांगणार नाही, कारण उत्तर सगळ्यांनी वाचायला हवं. विनापरवाना साधं पिस्तूल नुसतं जवळ सापडलं तरी आता किमान दोन वर्षं, कमाल पाच वर्षं. विकत आणून दुसऱ्याला दिलं तर वर सांगितलेली सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतची. मी आमच्या कोर्टात वीस-बावीस वर्षांची पोरं या कलमात उभी राहिलेली पाहतो. बहुतेकांनी ते हत्यार कुणावर उगारलेलंही नसतं, मोबाइलवर फोटो टाकलेला असतो. त्यांचे आईबाप वावर गहाण ठेवून जामिनाला येतात. पोलीस भरती गेली, सरकारी नोकरी गेली, पासपोर्टला अडचण. तुम्ही चोपड्याचे आहात, तुमच्या गावातली अशी दोन घरं तुम्हालाच माहीत असतील.

आर्मरर_आप्पा_भुसावळ

आणि त्या हत्याराच्या नळीची चाचणी कुणी घेतलेली नसते. कारखान्यात प्रत्येक नळीतून नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून बघतात, मग शिक्का बसतो. गावठीत पाइपचा तुकडा असतो. चेंबर फुटलं की पहिली जाते ती चालवणाऱ्याची बोटं.

नवखा_चोपडा

समजलं. आप्पा, वकीलसाहेब, यापुढे असं लिहिणार नाही.

वरणगाव_क्वार्टर्स

धागा छान चाललाय. आमची वरणगावची फॅक्टरी १९६४ पासूनची, पण तिथे लष्करासाठी काडतुसं होतात. नागरी .३२ चं काडतूस खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं, बुडावर केएफ शिक्का असतो. काडतुसं घेताना एक गोष्ट दुकानदाराला स्पष्ट सांगा: पिस्तुलाचं .३२ आणि रिव्हॉल्व्हरचं .३२ वेगळं आहे. पिस्तुलाचं ७.६५ × १७ मिमी, रिव्हॉल्व्हरचं लांब, ७.६५ × २३. लायसन्सवर नुसतं ".३२" लिहिलेलं असतं, त्यामुळे नवीन माणूस चुकीचा डबा घेऊन येतो.

मॅगझिन भरतानाही लक्ष द्या. पिस्तुलाच्या .३२ काडतुसाला बुडाशी बारीक कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली तर स्लाइड ते उचलत नाही आणि माणूस दोष ट्रिगरला देतो. प्रत्येक काडतुसाची कड आधीच्याच्या पुढे ठेवत भरावं.

केळीबाग_रावेर

मी जुनं बघायला जाईन तेव्हा आणखी काय बघू?

आर्मरर_आप्पा_भुसावळ

सकाळी जा. हे आता तुम्हाला कळलंच. नंबर आधी वाचा: बॉडीवरचा नंबर लायसन्सशी अक्षरशः जुळला पाहिजे, स्लाइडवर वेगळा दिसला तर व्यवहार थांबवा. खाडाखोड, घासलेला भाग, नव्याने काळं केलेली पट्टी यांना भुलू नका. नळी खोलून उजेडाकडे धरा, आतल्या चक्राकार रेषा धारदार दिसायला हव्यात, काळे खड्डे नकोत. मॅगझिनचे वरचे ओठ वाकलेले नाहीत ना बघा, जुन्या हत्यारांची निम्मी दुखणी तिथून येतात. मूळ मॅगझिन हरवलं असेल तर किंमत चांगलीच कमी करा, जुळणारं मिळवताना जीव जातो.

चामड्याच्या कव्हरात वर्षानुवर्षं ठेवलेलं असेल तर कव्हरातून काढून दोन्ही बाजू बघा. चामडं ओल धरतं, तुमच्या केळीपट्ट्यात तर जास्तच, आणि त्याच्या प्रक्रियेतली रसायनं पोलाद खातात. बाळगताना कव्हर, ठेवताना तेलाचं कापड.

परदेशी नावाला भुलून भरमसाट पैसे देऊ नका. आयात १९८० च्या दशकात बंद झाली म्हणून जुन्या परदेशी पिस्तुलांचे भाव लाखांत गेलेत. नावाचे पैसे द्याल आणि स्प्रिंग मोडली की सुटा भाग कुठून आणाल? सरकारी कारखान्याच्या हत्याराचे भाग निदान मिळतात.

पाचोरेकर

निवडणुकीचं पण सांगा कुणीतरी. २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा दोन्ही वेळा माझं जमा करायला सांगितलं होतं. परत मिळालं तेव्हा स्लाइडवर गंजाचे ठिपके होते.

वकीलसाहेब_धुळे

जमा करताना नंबर, मॅगझिन, काडतुसं यांची संख्या पावतीवर लिहून घ्या आणि शक्य असेल तर अधिकृत विक्रेत्याकडे जमा करू द्या अशी विनंती करा, तिथे हत्यारं कोरडी राहतात. देण्याआधी तेलाच्या कापडात गुंडाळा.

सुवर्णनगरी

वकीलसाहेब, विषयाला धरूनच विचारतो. वडील ७२ वर्षांचे आहेत, त्यांच्या नावावर रिव्हॉल्व्हर आहे. विकायचं नाही, मला घ्यायचं आहे. त्यांच्या हयातीत होतं का?

वकीलसाहेब_धुळे

होतं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार लायसन्सधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्यांच्याकडे असलं, यापैकी जे आधी होईल तेव्हा ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. तुम्हाला स्वतःचं लायसन्स काढावंच लागेल, पडताळणी चुकत नाही. बाकी भावंडांची लेखी संमती आत्ताच घ्या. वडील समोर बसलेले असताना ती सहज मिळते.

पंपवाला_पारोळा

मंडळी, काम झालं. दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानात आधी फोन केला, मूळ लायसन्स घेऊन गेलो, पावती घेतली. तिथल्या मिस्त्रींनी माझ्यासमोर उघडलं. ट्रिगर बारच्या खाचेतून चिमट्याने पिवळट लगदा काढला आणि कागदावर पसरून दाखवला, त्यात रुईचे तंतू स्पष्ट दिसत होते. आप्पा, तुम्ही भुसावळला बसून सांगितलं आणि ते तंतोतंत निघालं! स्प्रिंग मोजून बघितली, ठीक आहे, मूळचीच परत बसवली. सिअरला हातही लावला नाही, मीच आधी सांगून ठेवलं होतं.

घरी आणल्यावर पहाटे पुन्हा तुमची चाचणी केली. बोट ढिलं करताच टक्. नंतर रेंजवर पूर्ण मॅगझिन गेलं, कुठे अडखळलं नाही.

काकांनाही कळवलं. त्यांच्याकडे अजून बारा बोअर आहे, तीही ते खोबरेलानेच पुसतात. आप्पा, तिला पण दुकानात न्यावं लागेल का?

आर्मरर_आप्पा_भुसावळ

छान झालं भाऊ. दोन नळ्यांची, मधून मोडून उघडणारी बारा बोअर असेल तर आत एवढ्या अरुंद खाचा नसतात, पण लॉकमध्ये, म्हणजे घोड्याच्या यंत्रणेत, गाळ असणारच. काकांनी आत्ता फक्त नळ्या आणि बाहेरचा भाग रॉकेलच्या चिंधीने पुसून, कोरडा करून बंदुकीचं तेल द्यावं. घोडे जड पडत असतील किंवा सेफ्टी सरकायला त्रास होत असेल तरच दुकानात. आणि ती मोडून उघडताना नळीत काडतूस नाही हे आधी त्यांनाच बघू द्या, नंतर तुम्हीही बघा.